आंतला सांधा

इंग्लंडांतील आमच्या नातवानें प्लायवुडची कायाक, म्हणजे वरून झांकलेली अरुंद नाव, घरींच बांधावयास घेतली. फळ्या तारेनें शिवून राळेनें चिकटविण्याची ही रीत तिकडच्याच केन लिटलडाइक यांनीं काढिली. तळ व डेक यांच्या सांध्यावर बाहेरून काचतंतूंची पट्टी बसवून चिरंजीव लिहितात, “आंतून कोण पाहणार?” व्याकरणांत संधि चुकल्यास गुण जातात, भर पाण्यांत? एकटी बाहेरची पट्टी बिजागरीप्रमाणें वळते आणि लाटेच्या दाबाखालीं सांधा आंतून उघडतो. आम्ही माहितगारांस विचारून कळविलें: नाव कुशीवर निजवावी, म्हणजे राळ ओघळत नाहीं, राळेंत भिजविलेली पट्टी गुंडाळून टोंकाशीं न्यावी आणि काठीस बांधलेल्या कुंचल्यानें बैठकीकडे उलगडीत दाबावी. ती वाळल्यावर दुसरी बाजू. परवां उत्तर आलें: “आजोबा, पट्टी चिकटली, सदऱ्याची बाहीही चिकटली.”