पासष्टीच्या वारीचं वेळापत्रक

ज्येष्ठ लागला की आमच्या दिंडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक गोष्ट हटकून येते. ऑस्ट्रेलियातला बटाटे पिकवणारा एक शेतकरी, क्लिफ यंग, वय ६१. १९८३ साली सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत लागली. हा गडी गमबूट घालून आला, नामांकित धावपटू त्याला हसले आणि ५ दिवस १५ तासांत तोच पहिला आला. खाली हात जोडलेली चित्रं आणि एक वाक्य: श्रद्धा असली की सराव लागत नाही.

शर्यत खरी आहे, वय खरं आहे, वेळही खरी आहे. ते शेवटचं वाक्य मात्र कुणीतरी घरी बसून जोडलेलं आहे. यंग लहानपणापासून मेंढरांमागे धावलेले, आणि उतारवयात पुन्हा पळायला लागलेले. १९८२ साली ओटवेच्या डोंगरात कित्येक महिने सराव करून त्यांनी हजार मैलांचा जागतिक विक्रम मोडायचा प्रयत्न केला होता. ८०५ किलोमीटरवर तो सोडून द्यावा लागला. म्हणजे सिडनीला उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायांखालून एका दमात आठशे किलोमीटर आधीच गेलेले होते. हा भाग पुढे पाठवायला कुणाला आवडत नाही, कारण त्यात चमत्कार नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते. लसीची पेटी खांद्याला आणि रजिस्टरं काखेत घेऊन वाड्या-तांडे पायी केले. आता निवृत्त आहे, वय ६२. पासष्टाव्या वर्षी नर्सीहून नामदेव महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचं ठरवलं आहे. चारशे किलोमीटरच्या घरातली वाट, रोज वीस-पंचवीस किलोमीटर, तीन आठवडे आणि वर. एवढा उशीर का, असं शेजारणी विचारतात. नोकरीत असताना रजा मिळाली नाही हे एक कारण. पण यंदाच का नाही, याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे, कारण साठी उलटलेली आमच्याकडची कितीतरी माणसं पंचमीला ठरवतात आणि दशमीला निघतात.

४२.१९५ किलोमीटरच्या पुढे जे काही ते अल्ट्रामॅरेथॉन, असं माझ्या भाच्याने मला शिकवलं. तो पुण्यात नोकरी करतो आणि डोंगरातल्या शर्यती पळतो. त्याचा आदर्श म्हणजे पुण्याचेच आशिष कासोडेकर. त्यांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात पन्नाशीच्या वयात सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. भाच्याने मला सोळा आठवड्यांचा तक्ता पाठवला. "मावशी, यात आरामात होतंय." मी तो नीट वाचला. तक्ता चांगला आहे, पण तो पस्तिशीच्या शरीरासाठी आहे. त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या सोळा आठवड्यांत माझी टाच नुसती कुरकुरायला लागते, तक्रार तर पुढेच असते."

यात गंमत नाही, शरीराचं गणित आहे. रोज चालायला लागलं की दम काही आठवड्यांतच वाढतो. म्हाताऱ्या माणसाचाही वाढतो. स्नायूंना महिने लागतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना त्याहून जास्त, कारण कंडरांना रक्तपुरवठाच कमी. वय वाढेल तशी ही दुरुस्ती आणखी मंदावते. म्हणून माणूस फसतो. छाती म्हणते चल, आणि घोटा अजून तयार नसतो. वारीत आठव्या-नवव्या दिवशी टाच धरून बसलेली जी माणसं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा दम शाबूत असतो.

म्हणून माझं पहिलं वर्ष कंटाळवाणं गेलं. पाच-सहा किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असं स्वतःला बजावून ठेवलेलं. त्याच्या जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं. सूनबाईला वाटलं सासूबाईंनी नवीन नवस धरला. तीन आठवडे वाढवत न्यायचं आणि चौथ्या आठवड्यात चालणं निम्म्यावर आणायचं, हा नियम भाच्याच्या तक्त्यातून मात्र जसाच्या तसा घेतला. विश्रांतीच्या आठवड्यातच शरीर भर घालतं. जेवणाचंही तसंच. साठीनंतर शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. भाकरी-ठेच्यावर ती भरत नाहीत. वरण, उसळ, दूध, शेंगदाणे पानात हवेत. आमच्याकडच्या बायका सगळ्यांच्या शेवटी भगुण्यात उरेल ते खातात आणि मग गुडघ्यांना दोष देतात.

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा सुरू झाली. अनेक दिवसांच्या वाटचालीत पहिला दिवस कधीच अवघड नसतो. अवघड असतं ते दुसऱ्या दिवशी पहाटे आंबलेल्या पायांवर उभं राहणं. हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीस किलोमीटरच्या आसपास. एका दिवशी तिकडे जायचं, देवळाजवळ मुक्काम करायचा, सतरंजीवर झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पायीच परत. एवढ्यात जे कळतं ते एका दिवसात चाळीस किलोमीटर चालून कळत नाही. जमिनीवर झोप लागते का, पहाटे परक्या ठिकाणी पोट साफ होतं का, वहाण संध्याकाळी कुठे चावते. चालून चालून पाय सुजतात, म्हणून वहाण संध्याकाळी घ्यावी आणि थोडी सैल घ्यावी. आमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून कोरी जोडी आणतात, आणि पहिल्या मुक्कामाआधीच फोड येतात.

आमच्या जिल्ह्यात हे सगळं बसवायचं तर शेतीला विचारावं लागतं. शहरातले तक्ते इथे अडतात ते यामुळे. दसरा-दिवाळीला सोयाबीनची काढणी. माघ-फाल्गुनात हळद उकरायची, शिजवायची, वाळवायची. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकनाची झाली म्हणून तिचं काम काही कमी झालेलं नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर. मृगाचा पाऊस झाला की पेरणी, आणि पेरणी उरकली की वारी. म्हणजे लांब चालायला मोकळे महिने खरे तर दोन-अडीच, कार्तिक ते पौष. हळदीच्या दिवसांत फक्त टिकवायचं, वाढवायचं नाही. उन्हाची सवय शेवटच्या दोन आठवड्यांत लागते, पण ती रोज थोडं उन्हात गेलं तरच. वर्षभर पंख्याखाली बसून ज्येष्ठात एकदम डांबरी रस्त्यावर उतरलेल्या सत्तरीच्या माणसाला ती लागत नाही. त्याचा घामही तरण्या माणसापेक्षा कमी सुटतो.

वयाबद्दल एक सांगते. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत १९२१ पासून चालते, नव्वद किलोमीटरच्या जवळपास. वॅली हेवर्ड यांनी ती तारुण्यापासून पुढे पाच वेळा जिंकली. १९८८ मध्ये ७९ व्या वर्षी त्यांनी ती पावणेदहा तासांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी, ८० व्या वर्षी, अकरा तासांची मुदत संपायला जेमतेम दोन मिनिटं असताना ते कसेबसे पोचले. माणूस तोच, शर्यत तीच, मध्ये एक वर्ष. माझ्या पासष्टीच्या बेताला दरवर्षी नव्याने मंजुरी घ्यावी लागणार, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. २०२३ पासून राज्य सरकार 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम चालवतं. रस्त्यावर दवाखाने, रुग्णवाहिका, औषधं. चांगलं काम आहे, मी त्यावर बोट ठेवणार नाही. पण तंबूत पोचलेल्या वारकऱ्याचं आपण मलमपट्टीपलीकडे काय करणार? त्याची पिशवी उघडून बघा. तीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर कित्येकदा लघवीची गोळी असते. अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी असते, ती गावातल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. ऊन, घटलेलं पाणी आणि ही दुखण्यावरची गोळी एकत्र आली की मूत्रपिंडाला धक्का बसतो. नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही वाईट. म्हातारपणी तहान कळतच नाही नीट. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर चाललं आणि वर एकादशीचा उपास धरला, तर साखर इतकी उतरते की माणूस रस्त्याकडेला बसतो आणि लोकांना वाटतं समाधी लागली. ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यांना फोड आल्याचं दुसऱ्या दिवशी रक्त दिसल्यावर कळतं.

बायकांचं आणखी एक आहे, आणि ते दिंडीच्या बैठकीत कुणी बोलत नाही. त्या पाणी पीत नाहीत. तहान नसते असं नाही, आडोसा नसतो. मानाच्या पालख्यांच्या वाटेवर फिरती शौचालयं आली. आमच्या भागातल्या लहान दिंड्यांच्या वाटेवर मला ती फारशी दिसली नाहीत. पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा, मधले बारा तास ओठ ओले करायचे. बाईच्या सरावाचा तक्ता कितीही शास्त्रशुद्ध केला तरी तो इथे येऊन मोडतो.

यातली एकही गोष्ट आषाढात दुरुस्त होत नाही. कार्तिकात होते. उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतातच. त्याच रजिस्टरात एक रकाना वाढवा: पायी वारीला जाणार का? हो म्हणेल त्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला कापूस लावून बघा, छातीत दुखतं का विचारा आणि गरज असेल त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवा. आठ महिने हातात असतात. आशाताईंवर आधीच किती कामं लादली आहेत हे मला कुणी सांगायला नको, म्हणून या कामाचा वेगळा मोबदलाही द्या. आणि शौचालयांची मागणी ग्रामपंचायतींकडे त्याच महिन्यात जाऊ द्या.

"पांडुरंग नेतो, आपण कोण?" असं म्हणणारे दिंडीत पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आमचे वीणेकरी आबा सत्तरी पार केलेले. तेही असंच म्हणतात आणि बारा महिने रोज शेतापर्यंत पायी जाऊन येतात.

शर्यतीत पळणारे लोक कुठे थांबायचं ते निघायच्या आधी ठरवतात. वारीत सामानाच्या ट्रकात बसणं म्हणजे नाक कापलं गेल्यासारखं वाटतं, म्हणून माणसं मोडेपर्यंत चालतात. मी माझ्यापुरतं कागदावर लिहिलं: छातीत जडपणा आला, लघवी गडद होऊन थांबली किंवा पाऊल टेकवताना एकाच जागी हाडात कळ आली, तर मला ट्रकात बसवायचं, माझं ऐकायचं नाही. खाली माझ्या गोळ्यांची नावं आणि मुलाचा फोन नंबर. तो कागद दिंडीप्रमुखांकडे दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचं ठीक आहे. पण बाकीच्यांचे कागद कोण लिहिणार?" कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी विठ्ठल मंदिरात बसायचं ठरलं आहे. रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडे आहे, वजनकाटा उपकेंद्राकडे मागितला आहे.