युरोतील पगार आणि हाती उरणारी शिल्लक

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. अशा गावांत घरचे वर्षाचे गणित कापूस-सोयाबीनच्या भावावर ठरते. तेथील तरुणांना युरोतील पगाराचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र पगार आणि बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो झाले. आठवड्याला चाळीस तास काम केल्यास महिन्याला सुमारे २,४०० युरो होतात. २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या हिशेबाने ही रक्कम जवळपास अडीच लाख रुपये भरते. परंतु निवृत्तिवेतन, आरोग्य, शुश्रूषा आणि बेकारी विम्यापोटी पगाराचा पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक भाग कापला जातो. आयकर वेगळाच. अविवाहित कामगाराच्या हाती १,७०० युरोंच्या आसपास रक्कम पडते. खर्च सुरू होतो तो येथून.

काटकसरीला तेथे वाव नाही असे नाही. घरी स्वयंपाक केला, वापरलेले सामान घेतले, रिकाम्या बाटल्या परत करून अनामत वसूल केली, तर पैसा वाचतो. दूरदर्शन-आकाशवाणीचे मासिक १८.३६ युरो शुल्क माणशी नसून घरटी असते, त्यामुळे एकत्र राहणाऱ्यांना ते वाटून घेता येते. मात्र घरभाड्यापुढे काटकसर हतबल ठरते. स्टुटगार्टसारख्या शहरात भाडे चढे असते. शिवाय घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. ती तीन हप्त्यांत भरण्याची मुभा कायद्याने दिली आहे, हे नवख्याला माहीत असणे आवश्यक आहे. देशभरच्या प्रवासाचा मासिक पासही मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंवर गेला.

मराठवाड्याला टंचाईतील नियोजन नवे नाही. वालूरची चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव त्याचीच साक्ष देते. परदेशी कमाईलाही हाच न्याय लागू पडतो. घरून कर्ज काढून गेलेला तरुण पहिला पगार होताच सर्व शिल्लक गावी धाडतो. आजारपण आले किंवा नोकरी सुटली तर हाताशी काहीच उरत नाही. पोटाला चिमटा घेऊन केलेली अशी बचत टिकाऊ नसते.

तेव्हा तरुणांना भाषा शिकविण्याबरोबरच कपातीनंतरचा पगार, त्या शहरातील भाडे आणि कर्जाचा हप्ता यांचा लेखी ताळेबंद निघण्यापूर्वीच त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवणे शासनाचे कर्तव्य ठरते. अन्यथा युरोचा दर पाहून निघालेल्या तरुणाच्या पदरी कर्जफेडीचीच वर्षे पडतील.