कार्डावरचं ब्लॅककरंट

तुम्ही ब्लॅककरंट खाल्लंय का कधी? आइस्क्रीम म्हणत नाहीये मी. फळ. झुडपावर लागतं ते. नाही ना? मीही नव्हतं खाल्लं. तरी दीड वर्षापूर्वी एका शनिवारी मी अकरा माणसांना छातीठोकपणे सांगितलं, की या वाइनमध्ये ब्लॅककरंट, सीडरचं लाकूड आणि पावसाने भिजलेल्या जंगलातल्या जमिनीची चव येते. बारावे एक आजोबा होते. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या सुरात विचारलं, ‘तुमच्याकडे ब्लॅककरंट कुठे पिकतं गं?’

मी हसले. दुसरं करणार काय! तो शब्द माझा नव्हताच. तो काउंटरवरच्या कार्डावर छापलेला होता आणि मी तो आदल्या रात्री व्हायवाच्या उत्तरासारखा पाठ केला होता.

तर जरा ओळख करून देते. मी तासगावची. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, आप्पा माळकरी. मास्टर्ससाठी ॲडलेडला आले आणि शनिवार-रविवार कामाला लागले ती बरोसा व्हॅलीतल्या एका वायनरीच्या ‘सेलर डोअर’वर. सेलर डोअर म्हणजे वायनरीचं स्वतःचं काउंटर. लोक येतात, चार-पाच वाइन घोट घोट चाखतात, आवडली तर बाटली घेऊन जातात. घरी मी सांगितलं होतं, ‘टुरिझममध्ये जॉब लागलाय.’ खोटं नव्हतं. पण कार्डावरच्या ब्लॅककरंटइतकंच खरं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ऑस्ट्रेलियात १८ पूर्ण झाल्यावर वाइन विकत घेता येते, महाराष्ट्रात त्यासाठी २१ पूर्ण लागतात. ‘पिऊन बघा’ असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. तुम्ही आयुष्यभर एक थेंबही घेतला नाहीत तरी माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेल. विषय जिभेचा आहे, आणि ती सगळ्यांनाच आहे.

आजोबांचा प्रश्न माझ्या सुपरवायझरने ऐकला होता. (इथे मॅडम वगैरे नसतं, सरळ नावाने हाक मारतात. मला ते जमायला तीन महिने लागले.) पुढच्या शनिवारी ती स्वतःच्या घरून सात बाटल्या घेऊन आली. काउंटर बंद झाल्यावर ग्लास मांडले आणि म्हणाली, ‘चाख, थुंक आणि तुझ्या भाषेत सांग. इंग्रजी मी नंतर बघते.’

हो, थुंक. वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात. दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल? ‘येथे थुंकू नये’ वाचत मोठी झालेली मी आणि इथे नीट, एका धारेत थुंकता येणं हे चक्क स्किल! पहिले दोन घोट माझ्या कुर्त्यावर गेले.

पहिली होती क्लेअर व्हॅलीची रिझलिंग. पांढरी, दहा वर्षांची जुनी. मी वास घेतला आणि पटकन तोंडातून निघालं, ‘रॉकेल!’ आजीच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह होता, त्यात पंप मारण्याआधी असा वास यायचा. आपण काहीतरी भयंकर बोललो असं वाटून मी गप्प बसले. तिने अर्थ विचारला. केरोसीन म्हटल्यावर ती टाळी वाजवायचीच बाकी राहिली. जुन्या रिझलिंगची ओळखच ती आहे. टीडीएन नावाचा एक घटक आहे, वाइन मुरत जाते तसा त्याचा वास वर येतो. त्याखाली कागदी लिंबाचा आंबटपणा, अगदी दात शिवशिवतील असा. मला ती आवडली. आजही सगळ्यात जास्त तीच आवडते.

दुसरी चार्डोनी. ओकच्या नव्या पिंपात मुरवलेली. बटरस्कॉच आइस्क्रीम वितळून कोमट झालंय असं वाटलं. लोकांना आवडते, मला नाही. पुढे.

तिसरी कूनवाराची कॅबरने सोव्हिन्यों. कूनवारा हा साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातला लाल मातीचा पट्टा. कार्डवाल्यांचं लाडकं ब्लॅककरंट याच वाइनमध्ये असतं. मला काय आठवलं? सर्दी झाल्यावर आई रुमालावर निलगिरीचं तेल टाकून द्यायची तो रुमाल. आणि हा निव्वळ भास नाही. द्राक्षबागेच्या कडेला निलगिरीची झाडं असली की त्यांचं तेल वाऱ्याने द्राक्षांच्या सालीवर बसतं, पानं-काड्या तोडणीत मिसळतात आणि तो वास वाइनमध्ये उतरतो. ॲडलेडमध्येच ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या संशोधकांनी हे तपासून दाखवलंय. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाचीच, म्हणजे आईचा रुमाल तसा बघायला गेलं तर इथलाच!

मग दोन शिराझ. बरोसाची शिराझ म्हणजे पिकलेलं जांभूळ, त्यावर काकवी आणि घशात उतरताना गरम. घोट गेल्यावर हिरड्या आवळल्या जातात, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसं. इथे आपली भाषा जिंकते बघा. त्या अनुभवाला आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी असलेला शब्द आहे, तुरट. द्राक्षाच्या सालीत आणि बीमध्ये टॅनिन असतं, त्याचं हे काम. इंग्रजीतलं गिऱ्हाईक मात्र ‘ड्राय’ म्हणतं. वाइनच्या धंद्यात ड्राय म्हणजे गोड नसलेली. त्यामुळे रोज कुणीतरी ड्राय नको म्हणतं आणि त्याला गोड हवीय की कमी तुरट हवीय हे मला दहा प्रश्न विचारून काढावं लागतं.

दुसरी शिराझ व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची, थंड प्रदेशातली. मी म्हटलं, मिरी. नुकती कुटलेली काळी मिरी. यावर सुपरवायझर जे बोलली त्याने माझं डोकंच फिरलं. ‘मला तो वास येत नाही. कधीच आला नाही.’ वीस वर्षं या धंद्यात असलेली बाई! याच इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण शोधलं. रोटंडोन नावाचा पदार्थ, जो मसाल्याच्या डब्यातल्या मिरीतही असतो. आणि साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास येतच नाही. ती त्या पाचवीतली. मग इतकी वर्षं गिऱ्हाइकांना काय सांगत होती? ‘कार्डावर लिहिलंय ते,’ ती म्हणाली आणि आम्ही दोघी खूप हसलो.

हसले खरी, पण घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात फिरत राहिलं. जिला वासच येत नाही ती ‘मिरी’ म्हणत होती. जिने फळच बघितलं नव्हतं ती ‘ब्लॅककरंट’ म्हणत होती. आणि समोरचे माना डोलावत होते!

हे फक्त आमच्या काउंटरचं नाही. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली. लाल ग्लासात खरं तर तीच पांढरी होती, बिनवासाचा रंग घातलेली. पोरांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. विद्यार्थी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच, आणि त्यांचा तर तो विषय होता. डोळ्यांनी सांगितलं ते नाकाने ऐकलं.

आणि मोठ्या माणसांचं म्हणाल तर ग्रेंजची गोष्ट ऐका. पेनफोल्ड्स कंपनीच्या मॅक्स शूबर्टने १९५१ मध्ये पहिल्यांदा ही शिराझ केली. बाटल्या मुरल्या, कंपनीतल्या आणि बाहेरच्या जाणकारांना चाखायला दिल्या, तर त्यांनी नाकं मुरडली. एकाला म्हणे त्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. (आपल्याला हा वास ओळखीचा आहे, आणि बस्तरमध्ये मुंग्यांची चटणी चवीने खातात. ती शिवी आहे की दाद हे ऐकणाऱ्यावर आहे.) १९५७ मध्ये हुकूम आला, हे बंद करा. शूबर्टने बंद केलं नाही. १९५९ पर्यंत तो गुपचूप करत राहिला. मधल्या काळात जुन्या बाटल्या आणखी मुरल्या, पुन्हा चाखल्या गेल्या आणि १९६० पासून ग्रेंज पुन्हा उघडपणे व्हायला लागली. आज तिची नवी बाटली हजार डॉलरच्या आसपास जाते. मी ती चाखलेली नाही, त्यामुळे कशी लागते ते सांगणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग शिकलेल्या शब्दांचा काहीच उपयोग नाही का? आहे की. एकदा एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. मला वाटलं असेल तिचा स्वभाव. सुपरवायझरने ती सरळ ओतून दिली, बुचातून आलेला दोष होता. हे तिने शिकवलं नसतं तर मला कळलं नसतं. असे शब्द अवजारासारखे असतात, त्यांनी काम होतं. ब्लॅककरंट मी वापरलं ते मात्र इम्प्रेशन मारायला. आणि ही सवय आपण वाइनच्या किती आधीपासून लावून घेतलीय! पुण्या-मुंबईच्या कॅफेत दोनशे रुपयांची कॉफी ‘फ्लोरल’ आहे म्हणायचं, कारण पाटीवर तसं लिहिलंय. सिनेमा ‘लेयर्ड’ म्हणायचं, कारण रीलमध्ये तसं म्हटलंय. बरं, मराठीत बोललो म्हणून सुटलो असंही नाही. मिसळ, गाणं, मित्राची कविता, सगळंच ‘लय भारी’ नाहीतर ‘एक नंबर’. तेही एक कार्डच.

कार्डापेक्षा वाईट प्रकार मी शेअर हाउसमध्ये बघितला. १९६५ मध्ये रेनमार्कच्या थॉमस अँगोव्हने वाइन पिशवीत भरून खोक्यात घालायची कल्पना काढली. त्या स्वस्त चार लिटरच्या पिशवीला इथली पोरं ‘गून’ म्हणतात. ती कपडे वाळत घालायच्या गोल स्टँडला लटकवायची, स्टँड फिरवायचा, पिशवी ज्याच्यापुढे थांबेल त्याने प्यायची. आपल्याकडून महिन्यापूर्वी आलेला एक मुलगा त्या गोलात उभा होता. त्याला नको होतं, दिसत होतं ते. पण नाही कसं म्हणायचं? पहाटे चारपर्यंत आम्ही दोघी बाथरूमच्या फरशीवर त्याला कुशीवर वळवून बसलो होतो, उलटी घशात अडकू नये म्हणून. इथल्या प्रत्येक बाटलीवर त्यात किती ‘स्टँडर्ड ड्रिंक’ आहेत ते छापलेलं असतं. साडेचौदा टक्क्यांच्या शिराझच्या बाटलीत साडेआठच्या वर भरतात, आणि सरकारी सल्ला आहे दिवसाला जास्तीत जास्त चार, आठवड्याला दहा. पिशवीच्या खेळात ते मोजतो कोण? त्याला सकाळी विचारलं असतं, चव कशी होती, तर सांगता आलं नसतं.

सातवी बाटली राहिली. रदरग्लेनची मस्कॅट, व्हिक्टोरियातली. द्राक्षं वेलीवरच सुकत आली की तोडतात, रसात स्पिरिट घालून गोडी टिकवतात आणि जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. रंग काकवीचा, चालही काकवीची. घोट घेतला आणि मी थेट आमच्या शेडमध्ये. हंगाम संपल्यावर रॅकच्या तळाशी एखादा बेदाणा राहून जातो, काळा, चिकट, जरा जळका. लहानपणी तो शोधून खायचे मी. हे सुपरवायझरला सांगताना माझं इंग्रजी संपलं. ती म्हणाली, चालेल, मराठीत बोल.

त्या रात्री आप्पांना फोन केला. म्हटलं, ‘आप्पा, मी टुरिझममध्ये नाही. वाइनच्या काउंटरवर आहे.’ बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग पहिला प्रश्न आला तो बागेचा. ‘किती वर्षांची झाडं हायत तिथं?’

म्हटलं, इथे एक शिराझची बाग आहे, १८४३ ची लागण मानतात. अजून फळ धरते.

‘खुंटावर का स्वमुळावर?’

‘स्वमुळावर. मुळं खाणारी ती फायलोक्सेरा कीड या राज्यात आलीच नाही.’

‘मग बागंत कुणाला शिरू देत नसतील,’ आप्पा म्हणाले. बरोबर होतं. बाहेरून येणाऱ्याचे बूटसुद्धा धुवून घेतात.

मग मी त्यांना सातव्या बाटलीबद्दल सांगितलं, रॅकच्या तळाशी राहिलेल्या बेदाण्यासारखी लागते म्हणून. ‘म्हंजे जास्त वाळलाय,’ ते म्हणाले. पुन्हा पंखा. आणि मग हळूच, ‘थुकून टाकतीस न्हवं?’

‘बहुतेक वेळा,’ मी म्हटलं.