विश्लेषण : आधी सीमा की आधी माणसे? अमेरिकेतील स्थलांतर सुधारणांचे घोंगडे ४० वर्षे भिजत का पडले आहे?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी हवाई दलाचे मालवाहू विमान अमृतसरच्या धावपट्टीवर उतरले. अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय त्यात होते. बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे, तर तिघे महाराष्ट्रातले. त्याच वेळी न्यू जर्सीतील एडिसनपासून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटपर्यंत अनेक मराठी कुटुंबे ग्रीन कार्डच्या रांगेत उभी होती. रीतसर व्हिसावर गेलेली, कर भरणारी आणि दहा-बारा वर्षे वाट पाहणारी ही कुटुंबे. एक गट रांग मोडून गेलेला, दुसरा रांगेत थांबलेला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे वरवर वाटते. पण अमेरिकी काँग्रेसमध्ये या दोघांचेही भवितव्य एकाच विधेयकाला बांधलेले आहे.

कोणते विधेयक?

‘डिग्निटी अ‍ॅक्ट’ असे त्याचे नाव. फ्लोरिडातील रिपब्लिकन सदस्य मारिया एल्विरा सालाझार आणि टेक्सासमधील डेमोक्रॅट सदस्य वेरोनिका एस्कोबार यांनी ते जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहात मांडले. एस्कोबार यांचा मतदारसंघ मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या एल पासोमधला, तर सालाझार यांचा स्थलांतरितांनी घडवलेल्या मायामीतला. दोघींनी २०२३ मध्येही याच नावाचे विधेयक आणले होते. ते मतदानापर्यंत पोहोचले नाही.

विधेयकाचे सूत्र साधे आहे. सीमा आणि कामाच्या जागा दोन्हींवर कडक पहारा, त्याबदल्यात वर्षानुवर्षे देशात राहून काम करणाऱ्यांना कायदेशीर दर्जा.

सुरक्षेच्या बाजूला काय आहे?

सीमेवर अडथळे आणि टेहळणी तंत्रज्ञान वाढवायचे. आश्रय मागणाऱ्यांना देशात सोडून वर्षानुवर्षे तारखा देण्याऐवजी सीमेवरील केंद्रांतच ठेवून ६० दिवसांत निकाल द्यायचा. शिवाय ‘ई-व्हेरिफाय’ देशभर सक्तीचे करायचे.

यातली शेवटची तरतूद सर्वात महत्त्वाची. ई-व्हेरिफाय ही सरकारी ऑनलाइन प्रणाली आहे. नव्या कर्मचाऱ्याला काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, हे नोकरी देणारा तीवर तपासतो. सध्या केंद्र सरकारचे कंत्राटदार आणि काही राज्ये वगळता ती ऐच्छिक आहे. लोक भिंत पाहायला नव्हे, कामाच्या शोधात येतात. त्यामुळे खरी सीमा कारखान्याच्या आणि शेताच्या फाटकावर असते.

कागदपत्रे नसलेल्यांना काय मिळेल?

३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून अमेरिकेत राहणाऱ्यांना सात वर्षांचा कायदेशीर दर्जा आणि कामाचा परवाना मिळेल. त्यासाठी गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी, थकीत कर भरावेत आणि सात वर्षांत ७ हजार डॉलर दंडापोटी द्यावेत, अशा अटी आहेत. सरकारी कल्याण योजनांचा लाभ मिळणार नाही. नागरिकत्वाचा मार्गही नाही. २०२३च्या मसुद्यात दंड ५ हजार डॉलर होता आणि पुढे कायम दर्जाची वाटही ठेवली होती. दोन वर्षांत दंड वाढला आणि वाट बंद झाली.

लहानपणी आई-वडिलांबरोबर आलेल्या ‘ड्रीमर्स’साठी मात्र कायम वास्तव्याचा मार्ग ठेवला आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे? प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख लोक कायदेशीर दर्जाविना किंवा केवळ तात्पुरत्या संरक्षणावर राहत होते. अमेरिकी श्रम खात्याच्या पाहणीनुसार शेतांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे कागदपत्रे नाहीत. एवढ्यांना उचलून बाहेर काढणे शक्य नाही आणि त्यांच्याशिवाय शेती चालणेही शक्य नाही. जून २०२५ मध्ये खुद्द अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी शेती आणि हॉटेल व्यवसायातले जुने, चांगले कामगार या कारवाईमुळे जात असल्याचे मान्य केले होते.

मग विरोध कशाला? १९८६ कडे पाहावे लागेल

६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी असाच एक कायदा केला. १ जानेवारी १९८२ पूर्वी आलेल्यांना आणि काही शेतमजुरांना कायदेशीर दर्जा, आणि त्याबदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड, असा तो सौदा होता.

पहिला भाग लगेच अमलात आला. सुमारे २७ लाख लोकांना ग्रीन कार्ड मिळाले. दुसरा भाग कागदावरच राहिला. मालकाने कागदपत्रे वरवर खरी दिसतात एवढेच पाहायचे होते, त्यांची पडताळणी करण्याची सोय नव्हती. बनावट कागदपत्रांचा धंदा फोफावला. पुढच्या दोन दशकांत कागदपत्रे नसलेल्यांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली.

तेव्हापासून रिपब्लिकन पक्षातला मोठा वर्ग ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ या पवित्र्यात आहे. आधी सीमा बंद करा, बाकीचे मग पाहू. दर्जा देण्याच्या कोणत्याही प्रस्तावावर ‘सरसकट माफी’ असा शिक्का बसतो, त्याचे मूळ इथे आहे.

त्यानंतर प्रयत्न झाले नाहीत का?

झाले, आणि गंभीरपणे झाले. जून २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठे सुधारणा विधेयक मंजूर केले. त्यात सीमेवर सुमारे २० हजार जादा जवान, सक्तीचे ई-व्हेरिफाय आणि १३ वर्षांत नागरिकत्वाचा मार्ग होता. प्रतिनिधीगृहाचे तत्कालीन सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानालाच घेतले नाही. पुढच्या वर्षी रिपब्लिकन नेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्यांच्या विरोधकाने स्थलांतराचा मुद्दा तापवला होता. बाकीच्यांनी योग्य तो धडा घेतला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून सीमा सुरक्षेचे विधेयक आणले. त्यात बेकायदा राहणाऱ्यांना दर्जा देण्याची तरतूद नव्हती. तरीही ते ४९ विरुद्ध ५० मतांनी अडले. ट्रम्प यांचा त्याला उघड विरोध होता आणि निवडणूक तोंडावर आली होती.

मतांचे गणित काय सांगते?

इथे एक तांत्रिक पण निर्णायक बाब आहे. सिनेटमध्ये साधारण विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात. अर्थसंकल्पाशी थेट निगडित विधेयकाला मात्र साधे बहुमत पुरते.

सुरक्षेसाठी पैसा लागतो, त्यामुळे ती अर्थसंकल्पाच्या दारातून आत येते. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात सीमाभिंतीसाठी ४६.५ अब्ज आणि स्थानबद्धता केंद्रांसाठी ४५ अब्ज डॉलरची तरतूद आहे. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या एका मताने हा कायदा तरला.

कायदेशीर दर्जा या दारातून येऊ शकत नाही. २०२१ मध्ये डेमोक्रॅट्सनी तसा प्रयत्न केला. हा मूलतः धोरणाचा विषय आहे, अर्थसंकल्पाचा नव्हे, असे सांगत सिनेटच्या नियम सल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तो फेटाळला.

म्हणजे सुरक्षेला साधे बहुमत पुरते, दर्जाला ६० मते लागतात. १९८६ मध्ये दर्जा मिळाला आणि बंदोबस्त राहून गेला. २०२५ मध्ये बंदोबस्ताचा पैसा आला आणि दर्जा राहून गेला. दोन्ही बाजूंना एकेकदा फसवल्याची भावना आहे, आणि दोघांकडेही त्याला आधार आहे.

मराठी कुटुंबांचा यात संबंध काय?

नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड दिली जातात. एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. पती, पत्नी आणि मुलेही याच संख्येत मोजली जातात आणि निम्म्याहून अधिक कार्डे त्यांच्यातच संपतात. परिणाम असा की २०२५च्या मध्यास उच्चशिक्षितांच्या ‘ईबी-२’ गटात भारतीयांची रांग जानेवारी २०१३ मधल्या अर्जांपाशी अडकलेली होती.

समजा, पुण्याहून गेलेल्या अभियंत्याची मुलगी तीन वर्षांची असताना अमेरिकेत आली. ती तिथेच शिकली, वाढली. वडिलांचा नंबर लागण्याआधी ती २१ वर्षांची झाली की आश्रितांचा ‘एच-४’ व्हिसा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाहीतर जो देश नीट आठवतही नाही तिथे परतायचे. कागदपत्रे नसलेल्या मुलांना २०१२ पासून ‘डाका’ योजनेचे तात्पुरते संरक्षण आहे. या मुलीला तेही नाही, कारण ती बेकायदा कधीच नव्हती.

डिग्निटी विधेयकात देशनिहाय मर्यादा ७ वरून १५ टक्के करण्याची, कुटुंबीयांना मोजणीतून वगळण्याची आणि अशा मुलांना संरक्षण देण्याची तरतूद आहे. दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत असलेल्यांना २० हजार डॉलर भरून निकाल लवकर मिळवण्याची सोयही आहे.

हा भाग वेगळा का काढत नाहीत?

रांगेतल्या अनेकांना हेच हवे आहे. आम्ही नियम पाळले, आमचे प्रकरण नियम मोडणाऱ्यांच्या गळ्यात कशाला बांधता, हा त्यांचा सवाल समजण्यासारखा आहे. पण तोही मार्ग चोखाळून झाला आहे. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने देशनिहाय मर्यादा हटवणारे स्वतंत्र विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये बदल करून आपला मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधी काँग्रेसची मुदत संपली. स्वतंत्र विधेयक सर्वांनाच मान्य असते, पण त्यासाठी राजकीय ताकद खर्च करायला कोणी पुढे येत नाही.

विधेयकात त्रुटी नाहीत का?

आहेत. नागरिकत्वाची वाट बंद ठेवल्याने लाखोंच्या संख्येने काम करणारा, कर भरणारा, पण मत नसलेला वर्ग कायमचा तयार होऊ शकतो. पैसे भरून रांगेत पुढे जाण्याची सोय ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच उपयोगी. ठरावीक तारखेपूर्वी आलेल्यांना दर्जा दिला की पुढच्या तारखेची आशा निर्माण होते, हा सुरक्षावाद्यांचा आक्षेपही निराधार नाही.

या आक्षेपाला उत्तर आहे ते ई-व्हेरिफायमध्ये. पण ते एकटे आणले तर शेते ओस पडतील, आणि दर्जा एकटा दिला तर १९८६ची पुनरावृत्ती होईल. दोन्ही चाके एकाच वेळी फिरवावी लागतील. सालाझार-एस्कोबार यांचा मसुदा परिपूर्ण नसला तरी ही गोष्ट त्याला नेमकी कळली आहे.

सुरक्षेचा हप्ता तर आता भरून झाला आहे. भिंतीसाठी पैसे मिळाले, केंद्रांसाठी मिळाले. ‘आधी सीमा’ म्हणणाऱ्यांची अट त्यांच्याच सरकारने पूर्ण केली. आता सौद्याचा दुसरा अर्धा भाग मांडायचा की अट पुन्हा पुढे सरकवायची, एवढाच प्रश्न उरतो. अट सरकवली, तर सीमा सुरक्षा हे कारण कधीच खरे नव्हते, असे म्हणावे लागेल. त्याची किंमत अमृतसरला उतरलेल्यांनी मोजली आहेच. २१वा वाढदिवस जवळ येत असलेली मुलेही ती मोजतील.