रिकामी बंदूक

परवा नातवाने टिकल्यांचे पिस्तूल माझ्या नाकासमोर धरले आणि वर म्हणाला, “आजोबा, घाबरू नका, रिकामे आहे!” मी असा खेकसलो की सूनबाई हातातला सोऱ्या तसाच घेऊन बाहेर आली. खेळण्यासाठी एवढा संताप? त्याचे असे आहे, वाचकहो.

चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजच्या मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली. आमच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल आली. वजन चार किलोंच्या आसपास, मॅगझिन दहा गोळ्यांचे. शिकवायला लष्करातले हवालदार. त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचे. आमचे उस्ताद साताऱ्याकडचे. कित्येक आठवडे त्यांनी गोळीचे दर्शनही घडवले नाही. नुसता बोल्ट ओढायचा, लोटायचा. आम्ही कंटाळलो.

अखेर चांदमारीचा दिवस उजाडला. प्रत्येकाला पाच गोळ्या. ‘खाली कर’ हुकूम झाला, तसा माझ्या शेजारच्याने मॅगझिन काढले आणि तो आमच्याकडे वळत उठला. “रिकामी आहे, उस्ताद!” उस्तादांनी झडप घालून नळीचे तोंड जमिनीकडे दाबले, बोल्ट ओढला. एक जिवंत गोळी उडून गवतात पडली. बेट्याने मोजण्यात चूक केली होती. मॅगझिन काढले तरी नळीच्या बुडाशी गेलेली गोळी तिथेच राहते.

उस्ताद ओरडले नाहीत. त्यांचा हात तेवढा कापत होता. “रिकामी हाय, हे तुला कुनी सांगितलं, पोरा?”

त्या दिवसापासून तोंड निशाणाकडे, बोट चापाबाहेर, बोल्ट मागे, डोळ्याने पाहा, करंगळीने चाचपा. दुसऱ्याच्या हाती दिली की त्यानेही पुन्हा तेच करायचे, आताच पाहिले असले तरी! साफसफाईची सुरुवातही तिथूनच. मग बोल्ट काढून नळीतून उकळते पाणी ओतायचे, कारण त्या काडतुसांच्या टोपीतला क्षार मागे राहून ओल धरी आणि गंज चढे. नंतर दोरीला चिंदी अडकवून ती सरळ ओढायची. तिरकी ओढली तर दोरीच नळीचे तोंड झिजवते. शेवटी तेलाचा हात. तेलाची बाटली रायफलीच्या दस्त्यातच असे. (घरी आईच्या शिवणयंत्राला तेल घालायचे मला कधी सुचले नव्हते!)

असो. नातवाला म्हटले, “उघडून दाखव.” फुरंगटून त्याने पिस्तूल उघडले. आत टिकल्यांची अर्धी गुंडाळी शिल्लक होती.