गिअरलाही कुलूप हवे

सायकलचा गिअर बदलणे ही कित्येक वर्षे साधी यांत्रिक क्रिया होती. हँडलवरचा खटका दाबला की केबल ताणली जाते, डिरेलर सरकतो आणि साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर जाते. २००९ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने केबलऐवजी विजेची तार आणि छोटी मोटर आणली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने ती तारही काढून टाकली. २०२१ पासून शिमानोच्या वरच्या श्रेणीतील संचांतही खटक्याचा संदेश रेडिओलहरींवरून जाऊ लागला.

याचे फायदे खरे आहेत. केबल सैल पडत नाही, गंजत नाही. बोटाच्या हलक्या दाबाने काम होते. संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला तर ही मोठीच सोय आहे.

पण हवेतून जाणारा संदेश दुसऱ्यालाही पकडता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ (सॅन दिएगो) आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी शिमानोच्या बिनतारी गिअरमधील त्रुटी जाहीर केली. संदेश सांकेतिक भाषेत होता, पण तो ताजा आहे की जुना, हे गिअरला ओळखता येत नव्हते. पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगणाऱ्याचा आवाज कुणी टेप करावा आणि नंतर दाराबाहेर वाजवावा, तसाच हा प्रकार. शब्दाचा अर्थ कळला नाही तरी दार उघडतेच! संशोधकांनी असा पकडलेला संदेश दहा मीटरपर्यंतच्या अंतरावरून पुन्हा सोडला आणि गिअर बदलून दाखवला. लहरींमध्ये अडथळा आणून गिअर बंद पाडणेही शक्य होते.

चढावर उभे राहून जोर लावताना गिअर अचानक बदलला तर पाय निसटून स्वार पडू शकतो. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला मागे पाडण्याचा हा विनासायास मार्ग ठरेल. अर्थात, हल्लेखोराला आधी जवळ येऊन संदेश टिपावा लागतो. त्यामुळे रोज सकाळी फेरफटका मारणाऱ्यांनी धास्तावण्याचे कारण नाही. शिमानोनेही संशोधकांच्या मदतीने सुधारित सॉफ्टवेअर तयार करून ते आधी व्यावसायिक संघांना दिले.

माझा आक्षेप तंत्रज्ञानाला नाही, क्रमाला आहे. जुना संदेश नाकारण्याची युक्ती नवी नव्हती. मोटारींच्या रिमोट किल्ल्यांमध्ये दर वेळी बदलणारा संकेत कित्येक वर्षे वापरला जातो. मग ती सोय सायकल बाजारात आल्यानंतर का यावी?

हा प्रश्न सायकलपुरता नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुरक्षेचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने काही इन्सुलिन पंपांबाबत अशाच धोक्याचा इशारा दिला. शरीराशी जोडलेले किंवा शरीर वाहून नेणारे उपकरण बिनतारी होते, तेव्हा सुरक्षा हा आरोग्याचाच भाग बनतो.

हेल्मेटची जशी आदळून चाचणी होते, तशी बिनतारी गिअरची घुसखोरीविरुद्ध स्वतंत्र चाचणी विक्रीपूर्वी बंधनकारक हवी. ग्राहकानेही खरेदी करताना वजन आणि किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : याचे सॉफ्टवेअर किती वर्षे सुधारून मिळणार? आणि ज्यांच्याकडे असा गिअर आहे, त्यांनी साखळीला तेल घालताना सॉफ्टवेअरही अद्ययावत आहे ना, हे पाहावे. केबलची देखभाल आपण करत होतोच. लहरींचीही करावी लागेल.