टॉलपडलचा वारसा कोणाकडे?

दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट परगणा पर्यटकांना ठाऊक आहे तो हिरव्या टेकड्या आणि गवताने शाकारलेली घरे यांसाठी. कामगार चळवळीला मात्र तो आठवतो टॉलपडल या लहानशा खेड्यामुळे.

तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली होती आणि ती सहावर आणण्याची धमकी जमीनमालक देत होते. तेव्हा जॉर्ज लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनी संघटना बांधली. संघटना स्थापण्यावरील बंदी १८२४ सालीच उठली होती. म्हणून सत्ताधाऱ्यांनी आरमारातील बंडानंतर केलेला १७९७ चा कायदा उकरून काढला आणि गुप्त शपथ घेतल्याचा गुन्हा सहा जणांवर लादला. मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने त्यांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियातील वसाहतींत काळ्या पाण्यावर धाडले. लंडनमध्ये कामगारांनी प्रचंड मोर्चा काढला, चळवळ पेटली आणि १८३६ मध्ये सरकारला माफी जाहीर करावी लागली.

या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दर जुलैमध्ये टॉलपडलला मेळा भरतो, निशाणे फडकतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या मजुरीसाठी ते लढले तिचे पुढे काय झाले?

शेतमजुरीचे किमान दर ठरवणारे मंडळ पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या कायद्याने आले. १९२१ मध्ये ते मोडण्यात आले आणि मजुरी झपाट्याने घसरली. १९२४ च्या मजूर सरकारला दरनिश्चितीची यंत्रणा पुन्हा उभारावी लागली. हा धडा समोर असूनही २०१३ मध्ये हुजूर-लिबरल डेमोक्रॅट संयुक्त सरकारने इंग्लंडमधील मंडळ बरखास्त केले. सर्वांसाठी राष्ट्रीय किमान वेतन असताना वेगळे मंडळ कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. पण मंडळ केवळ किमान दर ठरवत नव्हते. कौशल्यानुसार श्रेणी, जादा कामाचा मोबदला, आजारपणातील वेतन, मालकाच्या घरासाठी होणारी कपात हे सारे तेथे ठरे. स्कॉटलंडने आपले मंडळ राखले. वेल्सने २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. डॉर्सेटच्या मजुराच्या वाट्याला मात्र मालकाशी एकट्याने सौदा करणे आले, आणि १८३४ चा झगडा तर नेमका त्या एकटेपणाविरुद्ध होता.

कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट पक्की ध्यानी घ्यावी. हुतात्म्यांना हार घालायला कोणतेही सरकार तयार असते. मजुराला सौद्याच्या मेजावर जागा देताना मात्र त्याचा हात आखडतो. ती जागा संघटनेच्या बळावर मिळवावी लागते आणि मिळाल्यावर डोळ्यांत तेल घालून राखावीही लागते.